सेकंदाला तीन ठोके

घरात पियानो होता आणि तो बेसूर होता. यात काही विसंगत आहे असे त्या घरातल्या तिघांपैकी कोणालाच वाटत नव्हते. वडील चाळीस वर्षे लोकांच्या पियानोंचे सूर लावत हिंडले. शाळा, सभागृहे, हॉटेलांच्या दर्शनी खोल्या, हौशी वकिलांचे दिवाणखाने. जिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या तिथे त्यांची कातडी पिशवी जाऊन आली होती. स्वतःच्या घरातल्या जुन्या, उभ्या पियानोची पाळी मात्र नेहमी पुढच्या रविवारी असे. दिव्याखाली अंधार असायचाच, असे आई पाहुण्यांना सांगे, आणि हल्ली त्याला जोड देई, की आता तर दिवाही विझला आहे.

दिवा विझला तो तीन वर्षांपूर्वी. हिरड्या सडल्यामुळे वडिलांचे वरचे सगळे दात एका महिन्यात काढावे लागले. खाली दोन सुळे तेवढे उरले. वरची पूर्ण आणि खालची प्लेट अशी कवळी थोरलीने केली. थोरली म्हणजे त्यांची मुलगी. वय छत्तीस, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पुरवणाऱ्या एका लॅबमध्ये कारागीर. दिवसभर ती अनोळखी माणसांचे प्लास्टरचे जबडे समोर मांडून बसे, मेणात दात रोवी, घासून त्यांची धार मारी, आणि कोण कुठल्या बाजूने चावतो हे त्या माणसाच्या बायकोपेक्षा तिला अधिक नेमके ठाऊक असे. वडिलांचा जबडाही इतरांसारखाच क्रमांकाची चिठ्ठी लावून तिच्या टेबलावर आला. तिने त्यावर दोन दिवस जास्त घालवले. दातांची छटा निवडताना किंचित पिवळी घेतली. चहाने रापलेल्या त्या चेहऱ्यात पांढरेशुभ्र दात पाहुणे आल्यासारखे दिसले असते.

कवळी छान बसली. घोटाळा झाला तो पहिल्याच कामावर. नादकाटा, म्हणजे एकाच ठरावीक सुरात घुमणारा पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटायचा आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून त्याचा दांडा दातांत धरायचा, ही वडिलांची जुनी रीत. बारीक फरक पकडायचा असला की ते एक लाकडी पट्टी घेत. तिचे एक टोक पियानोच्या फळीवर आणि दुसरे दातांत. त्यांच्या उस्तादांनीही असेच केले होते, आणि ही कामातली एक लकब आहे, यापलीकडे त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात काटा दातांत धरला तर सूर गोधडीखालून आल्यासारखा आला. त्यांनी अंदाजाने खुंट्या पिळल्या. आठ दिवसांनी शाळेच्या संगीतशिक्षिकेने अतिशय अदबीने दुसऱ्या माणसाला बोलावल्याचे कळवले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासले आणि जे सांगितले ते सगळ्यांना अजब वाटले. कानातली हाडे दहा वर्षांपासून आखडत आली होती. हवेतून येणारा आवाज त्यांना फारच थोडा ऐकू येई; हाडातून येणारा मात्र पुरता. डॉक्टर म्हणाले, "हे इतकी वर्षं दातांनी ऐकत होते." आईने ते लगेच मान्य केले. मला वाटायचं लक्ष देत नाहीत, ती म्हणाली. आणि नवरे नाहीतच देत, म्हणून मी कधी डॉक्टरकडे नेलं नाही.

श्रवणयंत्र आणले. पत्र्याच्या डब्यात बसवल्यासारखे वाटते असे म्हणून चौथ्या दिवशी ते खणात गेले. पिशवी कपाटावर गेली. घरात एक पाटी आली. वडिलांशी बोलायचे ते पाटीवर लिहून दाखवायचे, ते तोंडाने उत्तर देत. आणि एकदा जेवताना, रागाने नव्हे, आज उकडतंय म्हणावे तशा सुरात ते थोरलीला म्हणाले, "तुझ्या कवळीने माझा कान खाल्ला."

विषय तिथेच संपला. पण ते वाक्य तिच्या मनात दाताच्या फटीत अडकलेल्या तुसासारखे राहिले. दुखत नाही, मात्र जीभ सारखी तिकडेच जाते.

थोरली वाजवते हे घरात फक्त आईला माहीत होते. एकोणीस वर्षांची असताना तिने स्वतः रचलेली एक छोटी चीज वडिलांना ऐकवली होती. ते पट्टी दातांत धरून पियानोला टेकून उभे राहिले, शेवटचा स्वर विरेपर्यंत हलले नाहीत, आणि मग पट्टी काढून म्हणाले, "पंचम उतरलाय. उद्या ओढतो. बाकी ठीक." त्या 'बाकी'मध्ये ती सगळी होती, तिचा अख्खा उन्हाळा होता. त्यानंतर सतरा वर्षे तिने त्यांच्यासमोर झाकण उघडले नाही.

आता ती सकाळी सहा ते सातच्या दरम्यान वाजवी. त्या वेळी वडील फिरायला गेलेले असत, रस्ता अजून जांभया देत असे, आणि आई स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. फोन ती प्लास्टरच्या रिकाम्या खोक्यांच्या चळतीवर ठेवी. मापून, पियानोपासून दोन हातांवर. दोन-अडीच मिनिटांच्या रचना. शब्द नाहीत, नावे नाहीत, नुसते क्रमांक. त्या ती एका संकेतस्थळावर टाकी, जिथे घरच्या घरी संगीत करणारी माणसे एकमेकांना ऐकवत. तिथला नियम सरळ होता: आधी तिघांचे ऐका, तिघांना अभिप्राय लिहा, मग आपले एक ऐकवा. टोपणनाव घ्यावे लागे. तिने 'दाढ' घेतले. नाव न घेणाऱ्याला संकेतस्थळ 'श्रोता' आणि एक क्रमांक देऊन टाके.

अभिप्राय येत ते बहुधा गोडच असत. सुंदर. फारच सुंदर. संध्याकाळी ऐकलं, डोळे पाणावले. आमच्या मांजरालाही आवडलं. आपण लिहिलेले तीन अभिप्रायही याच पाकातले आहेत हे ती जाणून होती. जो तो दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून आपली पाठ पुढे करत होता. एकाने तर तिच्या पियानोच्या जुनाट, व्याकूळ स्वराचे कौतुक करून हा परिणाम कोणत्या उपकरणाने साधता असे विचारले. तिने उत्तर दिले, "दुरुस्ती न करून."

मग अकराव्या रचनेखाली एक ओळ आली. लिहिणाऱ्याचे नाव: श्रोता एक्केचाळीस.

"एक मिनिट बारा सेकंद. मधल्या स्वराच्या तारा एकमेकींशी जुळत नाहीत. सेकंदाला तीन ठोके पडतात. बाकी ठीक."

थोरली लॅबमध्ये होती. एका हातात मेणाचा जबडा, दुसऱ्यात फोन. तिने ती ओळ वाचली आणि जबडा हळूच खाली ठेवला.

पियानोच्या एकेका स्वराला तीन-तीन तारा असतात. त्यांतली एक जरी केसभर ढळली तरी आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो. त्या फुगण्याला सूर लावणारे ठोका म्हणतात आणि तो मोजतात. हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. ऐकणारा माणूस 'बेसूर' म्हणेल, 'उदास' म्हणेल, 'व्याकूळ' म्हणेल; सेकंदाला तीन, असे तोच म्हणेल ज्याचे आयुष्य मोजण्यात गेले आहे. आणि शेवटी ते 'बाकी ठीक'.

त्या क्षणापासून एक्केचाळीस म्हणजे कोण, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. उरला तो फक्त पुरावा गोळा करण्याचा भाग, आणि पुरावा, जो शोधतो त्याला, मिळतोच. एक्केचाळीसचे अभिप्राय नेहमी दुपारी दोन ते चारमध्ये येत. वडील दुपारी दोन ते चार खोलीत पडून असत, धाकट्याने पाठवलेला टॅब छातीवर घेऊन. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. परगावी नोकरीला, आणि जिथे स्वतः यायला हवे तिथे वस्तू पाठवणारा. सुट्टीच्या दिवशी ती खोलीत गेली की वडील टॅब पालथा करत. श्रवणयंत्राच्या डबीबद्दल तिने आईला सहज विचारले, तर आई म्हणाली, ती हल्ली उघडीच असते. थोरलीला एवढे पुरेसे होते. म्हणजे बाबा यंत्र लावतात. चोरून लावतात, चोरून ऐकतात, आणि जे तोंडावर सांगता येत नाही ते क्रमांकाच्या आडून सांगतात. हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते, तिच्याही.

तेव्हापासून ती एकाच श्रोत्यासाठी रचू लागली. बाकीची मांजरे आणि डोळे मागे पडले. एक्केचाळीस कधी स्तुती करत नसे. डाव्या हाताला घाई आहे. पंखा बंद करा, त्याची घरघर खालच्या स्वराशी भांडते. चोविसाव्या रचनेखाली लिहिले होते: हे दोनदा ऐकलं. 'दोनदा' हा शब्द थोरलीने आठवडाभर खिशात बाळगला. घरी वडिलांना वाढताना ती त्यांच्याकडे बघे. ते आमटी ओरपत असत, चेहऱ्यावर काही नसे. या घरात कोणालाही नाटकात काम सहज मिळाले असते, असे तिच्या मनात येई.

अठ्ठाविसाव्या रचनेखाली पुन्हा तेच: तीन ठोके अजून आहेत. तार ओढून घ्या. तिने लिहिले, पाना माझ्याकडे नाही. दुपारी तीन वाजता उत्तर आले: "ज्याच्याकडे आहे त्याचा घ्या. हत्यार पडून राहिलं की गंजतं."

ही परवानगी होती. पिशवीला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला जुना दंडक. आणि आता तो घालणाराच तो मोडायला सांगत होता. थोरली भारावली असे म्हणता येणार नाही, भारावणे तिच्या घडणीत नव्हते; पण त्या दिवशी तिने एका गृहस्थाच्या कवळीत उजवी दाढ डावीकडे रोवली आणि ती पुन्हा काढावी लागली. संध्याकाळी, बसची वाट बघत, तिने एक्केचाळीसला खासगी निरोप लिहिला. लिहिताना तिने 'तुम्ही' म्हटले, 'बाबा' म्हटले नाही. खेळाचे नियम पाळले. तिने लिहिले, की ती कवळी मी माझ्या परीने चोख केली होती. पण खालचे दोन सुळे डॉक्टर काढणार होते ते मीच राहू द्यायला सांगितले, प्लेटखाली झाकून, तिला आधार म्हणून. वरचे वाचवता येतात का हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. मला साचा हवा होता. मी कामाला लागले. याचं मला वाईट वाटतं आणि ते मला पाटीवर लिहिता येत नाही.

तीन दिवस उत्तर आले नाही. तिने त्याचाही अर्थ लावला.

रविवारी सकाळी वडील फिरायला गेल्यावर तिने स्टूल लावून पिशवी खाली काढली. पाना, नमद्याच्या पाचरा, काटा, पट्टी. सगळे आपापल्या कप्प्यात, जणू मालक कालच काम करून आला होता. तिने पियानोची वरची फळी उतरवली, शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून त्यांत पाचरा खोचल्या आणि खुंटीवर पाना बसवून ओढला. सूर हलला नाही. आणखी ओढला. तरी नाही. शिकाऊ माणूस करतो तीच चूक ती करत होती: पाना शेजारच्या खुंटीवर होता, आणि पाचर दाबलेली मुकी तार तिच्या नकळत ताणत चालली होती. ती कडाडून तुटली तेव्हा तिचे टोक फळीवर चाबकासारखे बसले. आई पीठभरल्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, काय गं, तोफ सुटली? मग तिची नजर पिशवीकडे गेली आणि ती गप्प झाली. आईचे गप्प होणे ही त्या घरात दखल घेण्यासारखी घटना होती.

वडील सातला परतले. चपला काढल्या, आत आले, आणि पियानोकडे न बघता आधी कपाटाच्या माथ्याकडे बघितले. तिथल्या धुळीत पिशवीच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला होता.

"पिशवी कोणी काढली?"

थोरलीने पाटी घेतली. लिहिले: मी. तुम्हीच सांगितलंत.

"मी? कधी?"

तिने फोन पुढे केला. वडिलांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि ते वाचू लागले. त्यांना घाईने वाचता येत नसे. अकरावी रचना, बारावी, पंखा, डावा हात, 'दोनदा ऐकलं', पाना, गंज. अंगठ्याने एकेक ओळ वर सारत ते खाली उतरत गेले, आणि तिने हात पुढे करण्याआधीच तो अंगठा तिच्या खासगी निरोपापर्यंत पोचला. तोही त्यांनी त्याच गतीने वाचला. शेवटी फोन मांडीवर ठेवला.

"हा मी नाही," ते म्हणाले.

आई दारातूनच म्हणाली, "अगं, ते पत्ते लावतात दुपारभर त्या टॅबवर. एकट्याचा डाव. मला वाटलं तुला ठाऊक आहे." आणि श्रवणयंत्राची डबी उघडी असते कारण तिच्यात आई बटणे ठेवते, हेही त्याच दमात उघड झाले.

वडिलांनी विचारले, हे सगळं तू वाजवलंस? थोरलीने मान हलवली. किती? तिने पाटीवर आकडा लिहिला: अठ्ठावीस.

"मी एकही ऐकलेलं नाही," वडील म्हणाले. तक्रार नव्हती, मोजणी होती. मग ते उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतले.

एक्केचाळीसचे उत्तर त्याच दुपारी आले, अर्थात दोनच्या पुढे.

"तुमचा निरोप तीनदा वाचला. तुम्ही मला दुसरंच कुणी समजताय. मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी करते. इथे दोन मोटारी शेजारी-शेजारी चालतात. एक जरा मागे पडली की आवाजात ठोके पडतात. ते मोजायचं काम माझं, म्हणून सवय. पियानो मी कधी जवळून बघितलेला नाही, तारांबद्दल वाचलंय तेवढंच. दोन ते चार मोटारी बंद असतात, तेव्हा ऐकते. माझे दात माझेच आहेत. तुमच्या निरोपावर मी काय बोलणार? ज्यांना लिहायचा होता त्यांना दाखवा. बाकी ठीक."

थोरलीने फोन पालथा ठेवला. एवढे महिने ती एका पंपघरासाठी रचत होती. यात हसण्यासारखे बरेच होते, आणि ती दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर ती हसलीही असती. ज्यांना लिहायचा होता त्यांनी तो सकाळीच वाचला होता. वाचून दार लावले होते. म्हणजे तेही उत्तरच होते, असे तिने ठरवले, आणि तुटलेल्या तारेची टोके काढून टाकायला ती पियानोपाशी बसली.

पाचच्या सुमारास दार उघडले. वडील आले, तिच्या हातातले तारेचे टोक काढून घेतले आणि नापसंतीने मान हलवली. पिशवीतून नव्या तारेचा तुकडा काढला, जुन्या तारेच्या टोकाला फास टाकला, दोन्ही फास एकमेकांत अडकवून पिळले. गाठ इतकी बारीक झाली, की बोट फिरवले तरच लागावी. तीन वर्षे रिकामे बसलेले हात काही विसरले नव्हते. मग त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला, दातांत धरला, आणि थांबले. थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. गोधडी अजून तशीच होती.

त्यांनी काटा खाली ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन ते स्टीलची वाटी घेऊन आले. कवळी ते रोज न्हाणीघरात कडी लावून काढत. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या बायकोनेही त्यांचे ते तोंड पाहिले नव्हते. थोरलीच्या समोर, खिडकीतून तिरपे ऊन येत असताना, त्यांनी आधी वरची काढली, मग खालची, दोन्ही वाटीत ठेवल्या आणि वाटी पियानोच्या माथ्यावर ठेवली. आई दारात आली होती ती न बोलता मागे सरली. आज दुसऱ्यांदा.

थोरलीने शेकडो तोंडे प्लास्टरमध्ये पाहिली होती. रिकामा ओठ आत कसा वळतो, गाल कुठे बसतो, हनुवटी नाकाकडे किती सरकते, सगळे तिला मापांत ठाऊक होते. तरी तिने नजर पट्ट्यांवर वळवली. वडिलांनी लाकडी पट्टीचे एक टोक फळीला टेकवले आणि दुसरे खालच्या दोन सुळ्यांवर ठेवून वरच्या हिरडीने दाबले. मग बोटाने खूण केली: वाजव.

तिने तो एकच स्वर वाजवला. त्यांनी पाना बसवला, बरोबर खुंटीवर. ठोके भराभर पडत होते, मोजता येऊ नयेत इतके. मग सुटे झाले. तीन. पुन्हा स्वर. दोन. पुन्हा. एक, लांब, पाण्यावरच्या वर्तुळासारखा. आणि मग स्वर सरळ उभा राहिला, आणि ती हवेतून व ते हाडातून एकच गोष्ट ऐकत होते. वडिलांनी डोळे मिटले. त्यांचा जबडा किंचित थरथरत होता. ती तारेची थरथर होती की त्यांची, हे सांगायला कोणतेही मापक त्या खोलीत नव्हते.

त्यांनी शेजारची तार ओढली. मग तिच्या शेजारची. एका तासात मधले दीड सप्तक उभे राहिले. मग पाना खाली ठेवून, पट्टी तशीच दाबून, त्यांनी पुन्हा खूण केली. यावेळी बोटाने नव्हे, सबंध तळव्याने. सगळं वाजव.

अठ्ठावीस रचनांमधली कोणतीही ती वाजवू शकली असती. तिच्या बोटांनी एकोणतिसावी काढली, जी खरे तर पहिली होती: एकोणिसाव्या वर्षीची. ती कधी ध्वनिमुद्रित केली नव्हती. मधल्या वर्षांत ती मनात फिरता फिरता झिजली होती, गोल झाली होती. शेवटची चार आवर्तने तर पूर्ण बदलली होती. तिने ती सावकाश वाजवली. शेवटचा स्वर विरेपर्यंत वडील पियानोला टेकून उभे होते.

मग ते काही बोलले. दात नसलेल्या तोंडातून शब्द निघाला तो नुसती हवा होऊन. ती म्हणाली, काय? आणि लगेच उमगले की हे त्यांना ऐकू जाणार नाही. वडिलांनी पाटी ओढली. तीन वर्षांत त्या पाटीवर त्यांनी स्वतः कधी लिहिले नव्हते. खडू पकडायला त्यांना जरा वेळ लागला.

"हे तू तेव्हा वाजवलं होतंस. तेव्हा शेवट असा नव्हता."

थोरलीने ते वाचले. सतरा वर्षे. त्यांनी एकदाच ऐकले होते, आणि चार आवर्तनांचा फरक त्यांना सापडला होता. तिने खडू घेतला, काय लिहावे हे न सुचून त्याखाली लिहिले: कोणता बरा?

वडिलांनी खडू परत मागितला. लाकडी पट्टी पियानोवर ठेवून तो नीट बोटांत धरला. पट्टीवर त्यांच्या दोन सुळ्यांचे दोन खोल ठसे पडले होते. तिची नजर तिकडे गेली, आणि सवयीने मनात नोंद झाली की डावा जरा झिजलाय. मग खाली अक्षरे उमटली: "कळायला दोन्ही ऐकायला हवेत. आधी जुना."

तिने जुना वाजवला, आठवून, अडखळत. मग नवा. मग, त्यांनी हात केला म्हणून, पुन्हा जुना. आईने आतून दिवा लावला आणि विचारले, की आज जेवायचे आहे की नुसते दात वाटीत ठेवून बसायचे आहे. एकाला ऐकू आले नव्हते आणि दुसरीला ऐकायचे नव्हते.

गाठ मारलेली तार नवी असताना रोज सरकते. बसायला तिला दोन आठवडे लागतात. म्हणून रोज सकाळी, फिरायला जायच्या आधी, वडील वाटी घेऊन येत, तार ओढत, आणि मग थोरली जे वाजवील ते पट्टी दाबून ऐकत. मत क्वचितच देत. कवळीने कान खाल्ला, हे वाक्य त्यांनी मागे घेतले नाही. एका सकाळी एवढेच म्हणाले, की खालची प्लेट डाव्या सुळ्याला घासते, बघून दे. तिने ती लॅबमध्ये नेली आणि जेवणाच्या सुट्टीत घासून आणली.

पंधराव्या दिवशी तिने ती पहिली रचना ध्वनिमुद्रित केली, नव्या शेवटासह, आणि तिघांचे ऐकून, तिघांना या खेपेला खरेखुरे अभिप्राय लिहून, संकेतस्थळावर टाकली. त्या तिघांपैकी एकाला राग आला. सुंदर, फारच सुंदर, नेहमीप्रमाणे आले. दुपारी चारला दहा मिनिटे असताना एक्केचाळीसची ओळ आली.

"ठोके गेले. पण एक मिनिट चाळीस सेकंदांवर काहीतरी खडखडतं. पियानोवर भांडं ठेवलंय का? ते काढा आणि पुन्हा करा."

थोरलीने मेणाचा जबडा बाजूला ठेवून लिहिले, "वाटी आहे. त्यात वडिलांचे दात असतात. ते काढल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही."

पंपघराकडून उत्तर यायला थोडा वेळ लागला. बहुधा मोटारी सुरू करायची वेळ झाली असावी.

"मग राहू द्या."